तेल किंवा कांब्या

नोव्हेंबरातला पहिला रविवार, १९८३. सोनपेठच्या अलीकडे गोदावरीचं पात्र. हजर: रहीमभाई मिस्त्री, मिलिंद वायरमन, गोविंद दूधवाला, पाथरीचे दोघे भाऊ आणि मी. गाड्या चार, चालू तीन. सामान: आयोडीन, कापूस, जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या, गूळ, मीठ, पाण्याच्या दोन कळशा. शिट्टी माझ्या गळ्यात.

माझ्या त्या वर्षीच्या वहीतली ही पहिली नोंद. वही अजून आहे. मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवते आणि यादी केल्याशिवाय मला कामाला सुरुवात करता येत नाही. घरात किराण्याची यादी, शाळेत खेळाच्या सामानाची, आणि त्या एका हिवाळ्यात मोटारसायकलवरून पडणाऱ्या माणसांची.

परवा खो-खोच्या सामन्यांसाठी मुली घेऊन सोनपेठला गेले. एस.टी. नदीकाठच्या वळणावर आली आणि मी खिडकीतून वाकून बघितलं. पाणी उतरलं होतं. काळे खडक पायऱ्यापायऱ्यांनी वर आले होते, बुडाशी शेवाळाची ओली रेघ, वर पांढरा वाळलेला गाळ. काठाला तूर पिवळी पडत आलेली. शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, "काय बघायलाव?"

"खडक."

"त्यात काय बघायचं?"

त्यांना काय सांगणार? त्या खडकांवरून एके काळी माणसं मोटारसायकली चढवत, आणि कुठल्या खडकावर कुणाची नडगी सोलली हे मला अजून सांगता येईल.

या खेळाला ट्रायल म्हणतात. शर्यत नव्हे. वेगाचा काही संबंध नाही, उलट जितकं हळू जाल तितकं कौतुक. खडकांमधून फक्कीच्या दोन रेघा मारायच्या, कुठे चढण, कुठे चिखल, कुठे दोन दगडांमधली गाडीएवढीच फट. त्यातून उभ्यानं गाडी न्यायची. पाय जमिनीला टेकला की एक गुण चढतो. गाडी थांबली, पडली किंवा रेघेबाहेर गेली की पाच. शेवटी ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो पहिला. मी जन्मभर उलट हिशोबानं गुण देत आलेली, त्यामुळे सुरुवातीला दोनदा निकाल उलटा लावला.

गोविंद म्हणाला, "आमी ल्हानपणी हितंच शिकायला पायजे व्हतं बाई. दरसाल पयले आलो असतो."

हे खूळ परभणीत आणलं रहीमभाईंनी. तरुणपणी ते पुण्याला गॅरेजात काम शिकायला होते, तिथे त्यांनी हा प्रकार पाहिला आणि डोक्यात घेऊन परत आले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, माझी मोपेड त्यांच्या हाताखाली. एकदा मोपेडचा प्लग साफ करता करता त्यांनी विषय काढला. म्हणाले, "बाई, गाड्यांचं मी बघतो. पण पोट्ट्यांचं कोण बघणार? गाडी दुखली तर आवाज करते. ये लोकां बोलतच नै."

हे वाक्य मला पटलं आणि मी गेले. घरून थोडी कुरकुर झाली, शाळेतून जास्त झाली. रविवारी सकाळी नदीवर नेणाऱ्या जीपमध्ये बाकी सगळे पुरुष आणि पुढच्या सीटवर मी, मांडीवर औषधांचा डबा. एका सहकारी बाईंनी विचारलं होतं, तिथे तुमचं काय काम? मी म्हटलं, हजेरी.

गाड्या आठवडाभर पोटासाठी राबणाऱ्या होत्या. गोविंदच्या गाडीला दुधाच्या कॅनचे आकडे असत. रविवारी सकाळी ते काढायचे, मडगार्ड काढायचं, सीट काढून तिथे गोणपाट बांधायचं, चाकातली हवा अर्धी करायची. सायलेन्सर रहीमभाईंनी वर वळवून घेतला होता, तो नेमका पोटरीला लागे. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात पोटरी भाजल्याच्या सात नोंदी आहेत. आठवी नाही, कारण मी सायलेन्सरला सुतळीचं वेटोळं घालायला लावलं. पेटलं नाही का, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. धुमसायचं. पण धूर दिसला की माणूस पाय लांब घेतो.

जखमांवर जे काही लावलं जाई ते बंद करायला दोन रविवार गेले. बिडीची राख, चहाची पत्ती, आणि एकदा तर ग्रीस. पाथरीच्या धाकट्यानं गुडघ्याला ग्रीस लावून वर पान चिकटवलं होतं. मी विचारलं हे कामून, तर म्हणतो, "सांधा हाय ना बाई." धनुर्वाताची सुई सगळ्यांना टोचून घ्यायला लावली. रहीमभाई सगळ्यात जास्त घाबरले. उपाशी गाडीवर चढायचं नाही, हा नियम गोविंदमुळे आला. शनिवारचा उपवास तो रविवारी दुपारपर्यंत ताणायचा आणि दुसऱ्या चढणीला डोळ्यांपुढे काजवे यायचे. तेव्हापासून जीपमधून उतरलं की आधी भाकरी, वर गुळाचं पाणी, मग गाडी.

रहीमभाई म्हणाले होते तेच खरं निघालं. कुठं दुखतंय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "न्हाई बाई." गुडघा भोपळ्याएवढा झालेला असला तरी न्हाई बाई. मग मी विचारणं सोडून दिलं आणि परीक्षा घ्यायला लागले. तराजू, यंत्रं आमच्याकडे नव्हती, घरातल्या वस्तू होत्या. भरलेली कळशी हात लांब करून किती अंक धरता येते. उकिडवं बसून बदकासारखं चालता येतं का. डोळे मिटून एका पायावर. आणि मनगटांसाठी गोधडी. भिजवलेली गोधडी दोघांनी दोन टोकं धरून पिळायची. ज्याच्या मनगटात दुखणं आहे त्याचं तोंड दुसऱ्या पिळाला वाकडं होतं, यात मी कधी फसले नव्हते.

आणि हाडांसाठी सटवामामा होते.

नदीच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती होती. सटवामामा तिथले. मेंढरांचे पाय बसवता बसवता माणसांचे बसवू लागलेले. त्यांची पद्धत आख्ख्या पट्ट्याला पाठ होती. ते बोटांनी चाचपत. हाड मोडलेलं असेल तर बांबूच्या कांब्या लावून बांधत, नसेल तर तेलाची बाटली देऊन वाटेला लावत. तोंडानं फारसं काही सांगत नसत, सांगायची गरजही नव्हती. कांब्या दिसल्या की लोक समजत मोडलं, तेल दिसलं की समजत वाचलं. मी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र घेतलेली बाई, पण दोनदा त्यांचा अंदाज आणि शहरातला एक्स-रेचा फोटो एकच निघाल्यावर मीही वहीत एक रकाना आखला. त्याला नाव दिलं, "मामा". त्यात दोनच शब्द लिहायचे असत. तेल किंवा कांब्या.

आता मिलिंदविषयी.

चोवीस-पंचवीस वर्षांचा, आय.टी.आय. करून वायरमन झालेला, लग्न होऊन घरात तान्ही मुलगी. मूळ गाव पूर्ण्याच्या बाजूचं. अठ्ठ्याहत्तर साली त्यांची वस्ती जाळली गेली तेव्हा घरचे सगळे आधी पूर्ण्याला आणि मग परभणीला आले. हे तो सांगत नसे, मला रहीमभाईंनी सांगितलं. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी या बाजूचा बंद असे, कधी त्या बाजूचा. बंद असला की गॅरेज बंद, गॅरेज बंद म्हणजे मिलिंद आणि रहीमभाई मागच्या पटांगणात गाडीचं इंजीन मांडून बसलेले. बाहेर घोषणा, आत पान्ह्यांचा आवाज.

गाडीवर तो उभा राहिला की बघावंसं वाटे. बाकीचे गाडीशी भांडत, हा तिला चालायला शिकवल्यासारखा नेई. डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचवर, थोडं सोड, थोडं धर. ट्रायलमध्ये सगळी कमाई त्या दोन बोटांची असते. क्लच दाबून धरायचा आणि केसाएवढा ढिला करायचा, मिनिटाला वीसदा. मी एकदा त्याला विचारलं, "एवढ्या उंच दगडावर भीती कशी वाटत नाही?"

तो म्हणाला, "खांबावर आन गाडीवर, दोन्हीकडं खाली बघायचं नसतंय बाई."

खांबाचं त्याच्या डोक्यात सारखं असे. वीज खात्यात लाइनमनची भरती निघणार होती. तो तिथे रोजंदारीवर होता, चैत्रात खांबावर चढण्याची परीक्षा होती, आणि पास झाला तर कायमची नोकरी. हाताला जपायला हवं, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. तरीही तो दर रविवारी येई. संक्रांतीनंतरच्या रविवारी औरंगाबादचे सात गडी आमच्या नदीत खेळायला येणार होते, आणि वर्तमानपत्राचा माणूस येणार होता.

"एकदा पेपरात नाव येऊ द्या," तो म्हणाला होता. "आमच्या वस्तीचं आलं व्हतं एकदा. जळाली म्हणून."

हे त्यानं हसत सांगितलं. मी त्या वेळी कुणाच्या तरी कळशीचे अंक मोजत होते, मोजत राहिले.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तो पडला. मोठं पडणं नव्हतं. शेवाळावर मागचं चाक सरकलं, गाडी एका अंगाला गेली आणि त्यानं डावा हात पुढे टाकला. उठला, गाडी उचलली, हसला. पण मी बघितलं, गाडी त्यानं उजव्या हातानं उचलली होती. जवळ बोलावलं. मनगट फारसं सुजलं नव्हतं. अंगठ्याच्या बुडाशी खळगा असतो तिथे बोट दाबलं तेव्हा त्यानं श्वास थांबवला.

"दुखायलंय?"

"न्हाई बाई."

"मामांकडे जाऊन ये. आत्ता."

"लचकलंय नुसतं."

"ते मामा सांगतील. जा."

गोविंद खडकावर फेरी मारत होता, पाथरीचे भाऊ दगड रचत होते, म्हणून मिलिंद एकटाच वर गेला. अर्ध्या तासानं आला. हातात तेलाची बाटली.

"काय म्हणाले?"

"तेल दिलं."

गोविंदनं लांबून ओरडून विचारलं, "काय रं, कांब्या का तेल?"

"तेल!"

"मग चल की. बाईला कामून घोर लावायलास?"

मी वही उघडली आणि मिलिंदच्या नावापुढे लिहिलं, तेल. शंका राहू नये म्हणून पुढे आणखी दोन शब्द लिहिले, हाड ठीक. आयुष्यात मी हजारो नोंदी केल्या असतील. ही एकच मला अक्षराच्या वळणासकट आठवते.

पुढच्या रविवारी गोधडीची परीक्षा झाली. मिलिंद आणि गोविंद एका गोधडीला. पाणी निथळलं, मिलिंदचं तोंड सरळ. मी वहीत बरोबरची खूण केली. ही परीक्षा दोघांची असते हे मला तेव्हा सुचलं नाही. एकानं टोक घट्ट काखेत दाबून धरलं आणि दुसऱ्यानं पीळ दिला तरी गोधडी पिळली जाते. गोविंदचे हात दुधाच्या कॅनवर तयार झालेले, त्याला ते कळलंही नाही. परीक्षा मीच काढलेली, तिची पळवाट मलाच ठाऊक नव्हती. शाळेत असं झालं असतं तर मी मुलीला नव्हे, पेपर काढणाऱ्याला बोलले असते.

त्या दिवसांचा वास मला अजून येतो. पेट्रोलमध्ये तेल मिसळून जाळलेला निळा धूर, ओला खडक, शेजारच्या शेतात भाजलेला हुरडा. शेतमालक पहिल्यांदा आला तो काठी घेऊन, की आमचे लोक तुरीत घुसले. मग बांधावर बसून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बैलगाडी जाईना तितून ही फटफटी जायलीय. लय भारी." त्यानंतर दर रविवारी त्याच्याकडून हुरडा यायचा. आम्ही आगटीभोवती बसून गरम दाणे तळहातावर चोळायचो, फुंकर मारायचो. मिलिंद कणीस उजव्या हातानं चोळायचा, डावा मांडीवर. हे मला आत्ता लिहिताना आठवतं. तेव्हा मी हुरड्यावर मीठ कमी आहे एवढंच बघितलं.

संक्रांतीनंतरचा रविवार. पाहुण्यांसाठी काठावर मांडव, मांडवात सतरंज्या, तिळाच्या वड्यांचं ताट. औरंगाबादचे सात जण, त्यांच्या गाड्या चकचकीत, बूट गुडघ्यापर्यंत. आमच्या लोकांच्या पायाला लुगड्याच्या पट्ट्या. पाहुण्यांबरोबर आलेल्या एका साहेबांनी वहीवरून उतरवलेला माझा तक्ता पाहिला. कोणाला काय झालं होतं, कधी बरं झालं, आज कोण फिट. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, अशी नोंद मी मोठ्या शहरातही बघितली नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पाच टप्प्यांपैकी तीन झाले. मिलिंदचे गुण चार, औरंगाबादच्या सगळ्यात चांगल्या गड्याचे नऊ. अर्ध्या तासाची सुट्टी. मी कळशी भरायला वरच्या डोहाकडे गेले, तर तिथे दगडावर सटवामामा बसलेले, मेंढरं पाण्यावर. डोक्याला पटका, त्याखाली नुकतेच उगवलेले पांढरे खुंट.

मी म्हटलं, "मामा, आमच्या मिलिंदचं मनगट बघितलंत, बरं झालं. आज पहिला येतोय तो."

"कोण मिलिंद?"

"तो नाही का, महिन्याखाली आला होता. डावा हात. तुम्ही तेल दिलंत."

मामांनी हातातली काठी खाली ठेवली. "त्याचं म्या कुठं बघितलं बाई? थोरला भाऊ गेला व्हता त्या हप्त्यात. सुतक व्हतं. सुतकात आमी दुखण्याला हात लावत न्हाई. आज हात लावत न्हाई, मागनं ये, म्हणलं त्याला. मोकळ्या हातानं कसं लावावं म्हणून तेल दिलं. हातात देता येईना, दगडावर ठिवलं. आलंच न्हाई पोरगं परत."

"सुतक आहे असं सांगितलंत त्याला?"

"मेंढरं निघाली व्हती. आन परक्याला काय सांगत बसायचं घरचं?" मग त्यांनी विचारलं, "कुठं दुखतंय त्याला? अंगठ्याखाली?"

"हो."

"बोलवा की हिकडं. बघतो."

मी कळशी भरली. खालून पाहुण्यांची शिट्टी ऐकू आली, चौथ्या टप्प्याची. म्हटलं, मामा, आता त्याची पाळी आहे. झालं की आणते. आणि मी उतरले.

उतरायला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत मी काय काय विचार केला ते मांडून ठेवते. तीन आठवडे तो गाडी चालवतो आहे, मोडलं असतं तर चालवू शकला नसता. अजून दोनच टप्पे आहेत. गोधडी पिळली आहे. वर्तमानपत्राचा माणूस बसला आहे, आणि मिलिंदला नाव हवं आहे. यातलं प्रत्येक कारण खरं आहे. पण यादीत एक कारण मी सगळ्यात खाली ठेवते आहे, ते वर असायला हवं. साहेबांनी दोनदा वाचलेला तो तक्ता मांडवात टाचलेला होता, आणि त्यात मिलिंदच्या नावापुढे माझ्या अक्षरात हाड ठीक असं लिहिलेलं होतं.

मी खाली आले तेव्हा तो रेघेच्या तोंडाशी उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "पाणी द्या बाई." मी पाणी दिलं. त्यानं ओंजळ एकाच हाताची केली. मी कळशी खाली ठेवली आणि रेघेबाहेर झाले.

चौथा टप्पा त्यानं एका गुणात काढला. पाचव्यात, शेवटच्या पायरीवर, क्लच धरायच्या क्षणी डावा हात उघडला आणि परत मिटलाच नाही. गाडी मागे आली. तो पडला, पुन्हा त्याच हातावर. पाच गुण चढले. एकूण दहा. औरंगाबादचा गडी चौदावर थांबला. मिलिंद पहिला. लोकांनी त्याला उचललं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, लोकांना वाटलं आनंदानं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याला परभणीत हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. मामांकडे न्यायचा प्रश्नच उरला नव्हता. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला. अंगठ्याच्या बुडाशी होडीच्या आकाराचं एक बारकं हाड असतं, त्याचे दोन तुकडे. म्हणाले, हे हाड लबाड असतं. सूज दाखवत नाही, लचकल्यासारखं वाटतं, पहिल्या दिवसांत फोटोतही लपतं. लगेच प्लॅस्टर घातलं असतं तर बहुतेक जुळलं असतं. मी विचारलं, की जुळायचं राहिलं ते तीन आठवड्यांमुळे की कालच्या पडण्यामुळे? ते म्हणाले, "ते कोणी सांगू शकत नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलेलं नाही. लिहायला रकाना नव्हता.

प्लॅस्टर कोपरापर्यंत, अंगठ्यासकट, तीन महिने. चैत्रात निघालं तेव्हा मनगट निम्मंच वळत होतं. खांबाच्या परीक्षेला तो गेला. रहीमभाई सोबत होते, त्यांनी येऊन सांगितलं. म्हणाले, "आधा चढला बाई. मग हातानं सोडलं. दोरी होती म्हणून." वर्तमानपत्रात नाव आलं होतं, फोटोसकट. ते कात्रण रहीमभाईंनी गॅरेजात लावलं. पुढच्या हिवाळ्यात नदी उतरली, पण आम्ही गेलो नाही. कोणी तसं ठरवलं नाही. रविवारी सकाळी जीप आली नाही आणि मीही विचारलं नाही.

मिलिंदनं मोटार वाइंडिंगचं दुकान काढलं, स्टेशनच्या बाजूला. तांब्याची तार उजव्या हातानं गुंडाळतो, डाव्यानं नुसता आधार देतो. हवा बदलली की हाताला कळ येते. दुकान बरं चालतं. रस्त्यात दिसला की नमस्कार करायचा, मी विचारायची, हात कसा आहे, तो म्हणायचा, बरा हाय बाई. दहा वर्षं हेच.

यंदाच्या जूनमध्ये तो मुलीला घेऊन शाळेत आला. ती तान्ही होती ती आता पाचवीत. प्रवेशाचं काम झाल्यावर मुलीला त्यानं बाहेर पाण्याच्या टाकीकडे पाठवलं आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"बाई, एक बोलायचं व्हतं. लय वर्षं झाली."

"बस ना."

तो बसला नाही. "त्या टायमाला मी तुमच्याशी खोटं बोललो. मामानं तेल दिलं म्हणलो, पण त्यानं हात लावला नव्हता माझ्या हाताला. तुमी ल्हेलं हाड ठीक. मी बघत व्हतो ल्हिताना. बोललो न्हाई."

"का नाही बोललास?"

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "लांबूनच म्हणला, हात लावत न्हाई. बाटली दगडावर ठिवली आन म्हणला, उचल. आता हे खाली येऊन गोविंदासमोर, पाथरीच्या पोरांसमोर सांगायचं का? माझं गाव सोडून पाचच वर्षं झाल्ती बाई. मला त्या दगडावरनं सगळं कळलं. परत त्याच्या दारात गेलो न्हाई. कुणाच्याच गेलो न्हाई हाताचं घेऊन." मग हसला. "तुमच्या वहीला बट्टा लागला माझ्यामुळं. माफ करा."

आता माझ्या हातात दोन्ही टोकं होती. दगडावरच्या बाटलीचं खरं कारण मला दहा वर्षांपासून ठाऊक होतं. त्यानं कोणतं कारण धरलं, ते आत्ता कळत होतं. असं का धरलं, हे विचारायची गरज नव्हती. त्या सालांत परभणीत दगडावर ठेवलेल्या वस्तूचा दुसरा अर्थ त्यानं कुठून शोधायचा होता? मामांनी एक शब्द जास्त बोलायला हवा होता. मी एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता: हात लावला का? आणि तो प्रश्न विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण माझ्या हाताला कुणी कधी हात लावायचं नाकारलं नव्हतं.

एवढंच सांगायचं होतं: मिलिंद, मामा सुतकात होते. त्यांनी त्या दिवशी कुणाच्याच हाताला हात लावला नसता. आणि ते तुझी वाट बघत होते. एवढं सांगितलं असतं तर तो लगेच विचारणार, तुम्हाला कधी कळलं बाई? त्याचं उत्तर होतं, चौथ्या टप्प्याच्या आधी. हातात पाण्याची कळशी होती आणि तू समोर उभा होतास.

मी म्हटलं, "जाऊ दे, मिलिंद. जुनं झालं."

तो मोकळा झाल्यासारखा दिसला. नमस्कार करून गेला.

मामा दोन वर्षांखाली वारले. त्यांच्या तोंडून हे ऐकलेली मी एकटी आहे. भिंतींवर पुन्हा नामांतराच्या घोषणा रंगल्या आहेत, यंदा काहीतरी ठरेल असं लोक म्हणतात. काय ठरायचं ते ठरेल. पण एका माणसानं एका म्हाताऱ्याविषयी दहा वर्षं मनात काय धरून ठेवलं आहे, त्याचा निकाल कुठल्या सरकारकडून लागणार नाही. आणि त्याचा हात का गेला याचा जो हिशोब तो स्वतःच्या नावावर टाकून बसला आहे, त्यातला अर्धा माझा आहे.

सोनपेठहून आल्यावर ठरवलं होतं, या आठवड्यात सांगायचं. काल शाळा सुटताना तो मुलीला न्यायला आला. मी ऑफिसातून उठले, मैदान ओलांडून फाटकापर्यंत गेले. तो स्कूटरवर बसला होता, डावा हात खिशात, थंडीमुळे असेल. मला बघून त्यानं स्कूटर बंद केली आणि विचारलं, "काय बाई?"

"पोरीच्या टाचेला बूट चावतोय," मी म्हटलं. "एक नंबर मोठा घे."